साठ भागिले साडेसात: पाणी मोजणाऱ्या एका प्रोग्रामचे रसग्रहण

आर्डुइनोवर पाण्याचा प्रवाह मोजायला बसलेल्या माणसाच्या हाती केव्हा ना केव्हा एक प्रोग्राम पडतोच. टिपा आणि रिकाम्या ओळी वगळल्या तर तो जेमतेम विसेक ओळींचा. वर्षानुवर्षे तो या हातातून त्या हातात गेला आहे. कॉलेजच्या प्रकल्पांत भेटतो, गच्चीवरच्या टाकीच्या घरगुती मीटरमध्ये भेटतो, बागेला पाणी सोडणाऱ्या यंत्रणेत भेटतो. बहुतेक जण तो उतरवून घेतात, चालवतात आणि पडद्यावर आकडा उमटला की पुढच्या कामाला लागतात. तो ओळीओळीने वाचावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण त्यातल्या एका ओळीत दोन आकडे शेजारी शेजारी बसले आहेत आणि त्यांचा खरेपणा सारखा नाही. एक आकडा जगात कुठेही खरा. दुसरा मात्र तुमच्या नळाखाली तपासून घेतल्याशिवाय तुमचा होत नाही. मोजमापाचे मर्म त्या ओळीत आहे आणि बाकीच्या ओळी तिच्यापर्यंत नेण्यासाठी आहेत.

प्रोग्राम समजून घ्यायचा तर आधी तो ज्याच्यासाठी लिहिला ती वस्तू हातात घेऊन पाहावी. या कामात सर्वाधिक दिसणारा सेन्सर म्हणजे वायएफ-एस२०१. काळ्या प्लॅस्टिकचा ठोकळा, दोन्ही तोंडांना अर्ध्या इंचाचे आटे, अंगावर पाण्याची दिशा दाखवणारा बाण आणि बाहेर आलेल्या तीन तारा. आत पात्यांचे एक चाक असते. पाणी पात्यांवर आदळले की चाक फिरते आणि चाकाबरोबर त्यात बसवलेले चुंबकही फिरते. चाकाच्या कप्प्याला लागून, पण भिंतीपलीकडे कोरड्या बाजूला, हॉल सेन्सरची चिप असते. चुंबक समोरून गेले की चिप आपल्या तारेवरचे व्होल्टेज बदलते. पाण्याच्या बाजूची एकही तार विजेच्या बाजूला जात नाही, भिंतीला एकही भोक नाही. पलीकडे पोचतो तो फक्त चुंबकाचा प्रभाव. पाणी आणि वीज यांना इतक्या जवळ आणून इतके वेगळे ठेवणे, हे या स्वस्त वस्तूचे पहिले सौंदर्य.

वाहत्या पाण्यात चाक धरायचे आणि त्याचे फेरे मोजून वेग काढायचा, ही कल्पना जुनी आहे. हँबुर्गचे जलअभियंते राइनहार्ड व्होल्टमान यांनी ती १७९० साली मांडली आणि मोठ्या पाइपांवरचे मीटर आजही व्होल्टमान मीटर या नावाने ओळखले जातात. चिपमागची कल्पना त्याच्या बरीच नंतरची. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल हे संशोधक विद्यार्थी मॅक्सवेल यांचा वीज आणि चुंबकत्वावरचा ग्रंथ वाचत होते. चुंबकाजवळ ठेवलेल्या तारेवर जे बल लागते ते तारेवर लागते, तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर नव्हे, अशा अर्थाचे विधान त्यात होते. हॉल यांना ते पटेना. आपले मार्गदर्शक हेन्री रोलँड यांच्याशी बोलून त्यांनी काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली आणि तिच्याशी काटकोनात चुंबक लावले. वर्खाच्या दोन कडांमध्ये बारीकसे व्होल्टेज मिळाले. इलेक्ट्रॉनचा शोध त्यानंतर १८ वर्षांनी, १८९७ साली लागला. म्हणजे विजेत नेमके काय वाहते हे ठाऊक नसतानाच चुंबक त्याला बाजूला ढकलतो, हे हॉल यांनी दाखवून दिले होते. एका वाक्यापाशी अडून वाचल्यामुळे लागलेला हा शोध आज अर्ध्या इंचाच्या पाइपावर बसतो.

आता तारा. लाल तार ५ व्होल्टला, काळी ग्राउंडला आणि पिवळी आर्डुइनो उनोच्या २ नंबरच्या पिनला. जोडणी एवढीच. पण रंगांवर भिस्त न ठेवता सेन्सरवरची चिठ्ठी एकदा वाचून घ्यावी. लाल आणि काळी तार सेन्सरला जगवतात. बोलते ती पिवळी. तिला दोनच अवस्था ठाऊक: व्होल्टेज वर किंवा खाली. चुंबक जवळ येताना व्होल्टेज हळूहळू चढत असले तरी चिपमधली रचना त्याचा स्वच्छ, ठाम चढ करून बाहेर पाठवते; असा प्रत्येक चढ म्हणजे एक पल्स. साध्या बटनाच्या प्रोग्रामात एकाच दाबाचे दहा दाब मोजले जाऊ नयेत म्हणून वेगळी तजवीज करावी लागते. इथे ती नाही, कारण ते काम सेन्सरने आधीच केलेले असते. प्रोग्राम इतका छोटा राहू शकतो यात या न लिहिलेल्या ओळींचाही वाटा आहे.

प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत एक जुनी खूण सापडते. पल्स मोजणाऱ्या चलाच्या नावात ‘फॅन’ आहे, तर मोजणी करणाऱ्या फंक्शनचे नाव ‘आरपीएम’. पाण्याच्या प्रोग्रामात पंखा आणि मिनिटाचे फेरे कुठून आले? या प्रोग्रामचा पूर्वज संगणकाच्या पेटीतल्या पंख्यांचा वेग मोजत असे. त्या पंख्यांतही हॉल सेन्सरच असतो आणि तोही फिरत्या चुंबकाचे पल्स देतो. कुणाच्या तरी लक्षात आले की पंख्याच्या जागी पाण्याने फिरणारे चाक ठेवले तर मोजणी तीच राहते. मला ही उचल फार मोलाची वाटते. नावे जुनीच राहिली म्हणून प्रोग्राम बिघडला नाही, उलट त्याचे खरे काम उघडे पडले: तो पाणी मोजतच नाही. तो फेऱ्यांच्या खुणा मोजतो. पाणी हा आपण त्या खुणांना दिलेला अर्थ आहे. हे एकदा ध्यानात धरले की पुढची प्रत्येक ओळ नीट वाचता येते.

‘आरपीएम’ फंक्शनमध्ये एकच काम आहे: मोजणीत एक मिळवा. ही ओळ कुणी वरून क्रमाने येऊन चालवत नाही, पिवळ्या तारेवरचा चढच तिला हाक मारतो. याला इंटरप्ट म्हणतात. दारावर कुणी आले का हे दर मिनिटाला उठून पाहण्याऐवजी बेल बसवावी, तसे हे. बेल वाजली की मायक्रोकंट्रोलर हातातले काम जिथल्या तिथे ठेवतो, एक मिळवतो आणि परत त्याच जागी येतो. म्हणूनच हे फंक्शन एवढे त्रोटक आहे. इथे भागाकार केला, पडद्यावर अक्षरे पाठवली, तर पुढचा पल्स दारात ताटकळत राहील. मिनिटाला १० लिटर पाणी वाहत असेल तर सेकंदाला ७५ पल्स येतात, म्हणजे दोन पल्समध्ये सुमारे १३ मिलिसेकंद. माणसाच्या हिशेबी हे काहीच नाही. सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देणाऱ्या उनोच्या चिपला तो ऐसपैस वेळ आहे, पण तो वाया घालवायचा नाही ही शिस्त प्रोग्रामच्या रचनेतच आहे.

मोजणीच्या चलामागे ‘व्होलाटाइल’ हे विशेषण लावलेले आहे. कंपायलर हा काटकसरी असतो. मुख्य प्रवाहात कुठेच न बदलणारे चल त्याला दिसले की तो त्याची किंमत हाताशी धरून ठेवतो आणि मेमरीत पुन्हा पाहायला जात नाही. इथे चल बदलते ते इंटरप्टच्या हाती, कंपायलरच्या नजरेआड. ‘व्होलाटाइल’ त्याला बजावते: ही किंमत तुझ्या पाठीमागे बदलेल, दर वेळी ताजी वाच. एक शब्द काढला तरी प्रोग्राम कदाचित चालेल, कदाचित शून्यावर अडून बसेल. एका विशेषणाने सगळा अर्थ पेलावा, असे क्वचित घडते.

त्याच फंक्शनमध्ये सावध वाचकाला अडवणारी एक जागा आहे. शेजारची टीप म्हणते की इथे सिग्नलचा चढ आणि उतार दोन्ही मोजले जातात. सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या सेटअपमध्ये मात्र स्पष्ट ‘रायझिंग’ लिहिले आहे, म्हणजे फक्त चढ. दोन्ही मोजले असते तर आकडा दुप्पट आला असता. टीप माणसासाठी असते, ओळ यंत्रासाठी; दोघांत फरक पडला तर यंत्र ओळीचेच ऐकणार. तिथेच दुसरी जागा: सेन्सरची पिन वर २ सांगितली आहे, पण इंटरप्ट जोडताना लिहिले आहे ०. ही शून्य नंबरची पिन नव्हे. उनोवरचा शून्य क्रमांकाचा इंटरप्ट २ नंबरच्या पिनवर असतो. कुणी तार ३ नंबरच्या पिनला हलवून फक्त वरचा २ बदलला, तर प्रोग्राम बिनतक्रार चालेल आणि रिकाम्या २ नंबरच्या पिनकडेच कान लावून बसेल. आता या जागी पिनवरून इंटरप्टचा क्रमांक काढून देणारे ‘डिजिटलपिनटूइंटरप्ट’ वापरतात, ते वापरावे. पिन ‘इनपुट’ ऐवजी ‘इनपुट पुलअप’ करावी, म्हणजे तार सुटली तर पिन अधांतरी राहून हवेतलेच पल्स मोजत बसणार नाही.

मग येतो लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, आणि तिथे रचनेची खरी कारागिरी आहे. मोजणी शून्य करा, इंटरप्ट उघडा, एक सेकंद थांबा, इंटरप्ट बंद करा, हिशेब करा, छापा. वरवर पाहता एक सेकंद थांबण्याची ओळ रिकामी. प्रत्यक्षात प्रोग्रामचे सगळे काम तिच्यातच होते. मुख्य प्रवाह थांबलेला असतो आणि पल्समागून पल्स येऊन मोजणी वाढवत असतात. ओळ काहीच करत नाही म्हणूनच बाकी सारे घडू शकते.

हिशेबाआधी इंटरप्ट बंद का? कारण उनोची चिप एका वेळी ८ बिट वाचते आणि मोजणीचे चल १६ बिटांचे आहे, म्हणजे ते दोन घासांत वाचावे लागते. समजा मोजणी २५५ आहे. खालचा घास वाचला, तो पूर्ण भरलेला. नेमका त्याच क्षणी पल्स आला आणि मोजणी २५६ झाली. खालचा घास रिकामा झाला, वरच्यात १ आला. आता वरचा घास वाचला. जुना खालचा आणि नवा वरचा एकत्र आले की आकडा होतो ५११. कुठलाही पल्स चुकला नाही, कुठलीही तार सुटली नाही, तरी आकडा दुपटीने खोटा. सेन्सरची कमाल मर्यादा मिनिटाला ३० लिटर, म्हणजे सेकंदाला २२५ पल्स. त्यामुळे एका सेकंदाच्या मोजणीत हा प्रसंग सहसा येणार नाही. पण मोजणी दिवसभर चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामात तो येतोच. दार बंद असताना पल्स आलाच तर तो चिपच्या नोंदीत थांबून राहतो आणि दार उघडताच मोजला जातो. एवढ्याशा प्रोग्रामात इतकी काळजी आहे, हे पाहून लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटतो.

आता ती मुख्य ओळ: मोजणी गुणिले ६० भागिले ७.५. सेन्सरच्या माहितीपत्रकानुसार सेकंदाचे पल्स म्हणजे मिनिटाच्या लिटरची साडेसात पट. म्हणून ७.५ ने भागले की मिनिटाचे लिटर मिळतात आणि ६० ने गुणले की तासाचे. गणित इथे संपते. पण ६० ला ७.५ ने भागा: बरोबर ८. म्हणजे हा प्रोग्राम मोजणीला ८ ने गुणतो, एवढेच! पडद्यावर येणारा प्रत्येक आकडा आठच्या पाढ्यातला असतो: ५९२, ६००, ६०८. तासाला ६०३ लिटर हा आकडा तो कधीही दाखवू शकत नाही, नळातून तेवढेच पाणी वाहत असले तरी. सेकंदात एक पल्स कमीजास्त झाला की आकडा ८ लिटरने उडी मारतो आणि नवखा माणूस पंपात दोष शोधू लागतो. दोष पंपात नाही. पट्टीवरच्या खुणा तेवढ्या दूर आहेत.

मग लिहिणाऱ्याने सरळ ८ का लिहिले नाहीत? याच प्रश्नापाशी या ओळीचे सौंदर्य उलगडते. ८ लिहिले असते तर उत्तर तेच आले असते, पण दोन वेगळी सत्ये एका आकड्यात बुडाली असती. ६० हा घड्याळाचा आकडा. तासाची मिनिटे पुण्यात ६०, पणजीत ६०, बाल्टिमोरमध्येही ६०. तो कुणी तपासायचा नाही. ७.५ हा आकडा एका जातीच्या सेन्सरचा, तोही सरासरीचा. त्याच माहितीपत्रकात अचूकता अधिक-उणे १० टक्के लिहिलेली असते. तुमच्या हातातल्या सेन्सरचे चाक किती घासते, पाइपाला त्याच्या अगदी आधी वळण आहे का, नळ किती उघडला आहे, यावर तो बदलतो. लिहिणाऱ्याने दोघांना वेगळे ठेवले म्हणून उद्या तुम्ही ६० ला हात न लावता फक्त ७.५ बदलू शकता. निश्चित काय आणि तात्पुरते काय, हे ओळीकडे पाहूनच कळते.

तात्पुरते ते पक्के करायचे काम पडद्यावर होत नाही. सेन्सर पाइपाला जोडण्याआधी त्याच्या तोंडाशी हलकी फुंकर मारावी. चाक भिरभिरते आणि सिरियल मॉनिटरवर आकडे धावू लागतात. आकडा शून्यच राहिला तर तारा तपासाव्यात, पाणी सोडायची घाई करू नये. फुंकरीने जोडणी बरोबर आहे एवढेच कळते. फुंकरीला लिटर नसतात. पाइपात हवा शिरली तरी चाक असेच फिरते आणि न वाहिलेले पाणी मोजले जाते, हेही याच चाचणीतून ध्यानात येते.

खरी परीक्षा बादलीची. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून, बाण पाण्याच्या दिशेने ठेवून सेन्सर बसवावा. पंपाची २३० व्होल्टची जोडणी आणि लॅपटॉप, दोन्ही पाण्यापासून दूर. मोजणी दर सेकंदाला शून्य करणारी ओळ काढून टाकावी आणि हिशेबाऐवजी मोजणीच छापावी, म्हणजे साठत जाणारे एकूण पल्स दिसतील. त्यासाठी चल १६ बिटांचे ‘इंट’ पुरणार नाही. ते ३२,७६७ वर भरते आणि लिटरला ४५० पल्स (७.५ गुणिले ६०) धरले तर सुमारे ७३ लिटरनंतर आकडा उणे होतो. ‘अनसाइन्ड लाँग’ घ्यावे. त्यात ९५ लाख लिटर मावतात. आता रिकामी बादली काट्यावर ठेवून १० किलो पाणी भरावे. बादलीवरच्या रेघेपेक्षा काटा भरवशाचा, कारण एक लिटर पाणी नेहमीच्या तापमानाला एक किलोच्या अगदी जवळ असते. ७.५ खरे असतील तर पल्स ४,५०० यायला हवेत. समजा आले ४,३२०. म्हणजे लिटरला ४३२, आणि ४३२ भागिले ६० म्हणजे ७.२. तुमच्या सेन्सरचा आकडा हा. तीच चाचणी नळ अर्धा उघडून पुन्हा करावी, कारण कमी प्रवाहात चाक जरा मागे पडते आणि आकडा बदलू शकतो.

या प्रोग्रामच्या मर्यादाही त्याच्या गुणांइतक्याच स्वच्छ आहेत. मिनिटाला १ लिटरच्या खाली सेन्सरवर विसंबता येत नाही. रात्रभर टपकणारा नळ चाकाला हलवू शकत नाही आणि प्रोग्राम शांतपणे शून्य छापत राहतो. त्यामुळे गळती शोधायला हा सेन्सर घेऊ नये. गाळाचे पाणी पात्यांत अडकते, म्हणून विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर आधी गाळणी हवी. उनोऐवजी ईएसपी३२ वापरले तर त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात; सेन्सरचा ५ व्होल्टचा सिग्नल १० आणि २० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांतून उतरवून द्यावा लागतो. आणि हा प्रोग्राम प्रवाहाचा वेग सांगतो, एकूण वापर नाही. हिशेब ठेवायचा असेल तर पल्स साठवावे लागतात.

एवढे असूनही माझ्या मते मोजमाप शिकवण्यासाठी याहून चांगला प्रोग्राम नाही. तो थोडक्यात लिहिलेला आहे, आपल्या पूर्वजाची खूण लपवत नाही आणि आपल्या एकमेव अनिश्चित आकड्याला उघड्यावर ठेवतो. हा प्रोग्राम उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: ७.५ तसाच ठेवून कुणाला पाण्याचे बिल लावू नका, कुठल्या पिकाच्या पाळ्या ठरवू नका. बादली आणि काटा आणा, तुमचा आकडा काढा, तो ७.५ च्या जागी लिहा आणि शेजारच्या टिपेत तारीख आणि नळ किती उघडला होता तेही नोंदवा. तुमच्यानंतर हा प्रोग्राम वाचणाऱ्याला त्या टिपेवर विश्वास ठेवता येईल.